डाव्या हाताचा मळ

माझे सासरे काम करताना डावा हात पँटच्या खिशात ठेवत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. लग्नाची बोलणी चालू होती, आणि मुलाचे वडील माणूस म्हणून कसे आहेत ते गुपचूप बघून यावं म्हणून मी एक बिघडलेली इस्त्री घेऊन त्यांच्या दुकानात गेले. टेबलावर एक मायक्रोवेव्ह ओव्हन पत्रा काढून उघडा ठेवलेला आणि समोर हे गृहस्थ, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, डावा खिशात, बागेत हवा खायला आल्यासारखे उभे. मला वाटलं, काय ही ऐट! मुलगाही असाच खिशात हात घालून संसार करणार असेल तर आत्ताच नाही म्हणावं.

नाही म्हटलं नाही. इस्त्री त्यांनी एका हाताने उघडली, जोडली, तापवून दाखवली आणि परत देताना म्हणाले, "इस्त्री चांगली आहे. आतली वायर मात्र कुणीतरी मुद्दाम ओढलीय." मीच ओढली होती. तेव्हापासून आमचं जमलं.

गल्लीत त्यांना सगळे 'एकहाती' म्हणत. टाळी एका हाताने वाजत नाही, असं कुणी चिडवलं की उत्तर ठरलेलं, "वाजू नये म्हणूनच एक आत ठेवलाय." लोक हसत. ते हसत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या दुकानात आधी दोन भाऊ बसत, सासरे धाकटे. थोरल्याचा हात जास्त चांगला, असं सासरेच सांगत. एकदा एका बाईंनी ओव्हन आणला. तक्रार क्षुल्लक, आतला बल्ब गेलेला. थोरल्या भावाने पत्रा काढला, तपासायला प्लग टेबलामागच्या बोर्डात लावला, मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि परत येऊन खाली वाकता वाकता विचारलं, "बंद आहे ना?" त्याने विचारलं होतं धाकट्या भावाला, प्लगबद्दल. उत्तर दिलं काउंटरपलीकडच्या बाईंनी, ओव्हनबद्दल. "हो ना, कधीचा बंद आहे." धाकटा तेव्हा मागच्या खोलीत होता. थोरल्याचे दोन्ही हात आत गेले.

"बल्बच बदलायचा होता गं," सासरे म्हणत. एवढंच म्हणत. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हाताने बाहेर पडते आणि वाटेत काळीज लागतं, हे मला त्यांनी पुढे कधीतरी समजावलं, पण भावाचा विषय असला की ते त्या एका वाक्यापलीकडे जात नसत.

त्या दिवसापासून दुकानात 'बंद' हा शब्द बंद झाला. गिऱ्हाइकाने "मिक्सर बंद आहे" म्हटलं की ते विचारत, "बिघडलाय, की प्लग काढलाय? दोन्हीतलं एक बोला." लोकांना ते खडूस वाटत. आणि तेव्हापासूनच डावा हात खिशात गेला. हाताला रिकामं ठेवलं तर तो भटकतो, म्हणून खिशात एक रबरी बूच असे, कुठल्याशा बाटलीचं, जाडजूड, बोटांनी फिरवून फिरवून गुळगुळीत झालेलं. उजवा हात काम करी आणि डावा आत बूच फिरवत बसे.

ओव्हनच्या पोटात एक डबी असते. प्लग काढला तरी ती वीज धरून ठेवते. या डबीला सासऱ्यांनी नाव ठेवलं होतं आत्याबाई. "सगळे भांडण विसरले तरी आत्याबाई राग धरून असतात," ते सांगत. त्यांच्याकडे रबर चढवलेल्या मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. तो आधी आत्याबाईला टेकवायचा, तिचा राग काढून टाकायचा आणि मगच बाकीच्याला हात लावायचा. "आत्याबाई शांत झाल्या," असं मोठ्याने म्हटल्याशिवाय ते पुढे जात नसत. आजकालच्या ओव्हनमध्ये ती वीज आपोआप उतरायची सोय असते म्हणे. मी एकदा शहाणपणा केला, "बाबा, सोय आहे ना? मग राग उरलाच नसेल तर?" ते म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. सोयीवर विसंबू नये. सोयसुद्धा बिघडते."

गिऱ्हाइकांनाही त्यांचा सल्ला तोच. ज्या ओव्हनला मागे बल्बपुरतं छोटं झाकण असतं, त्याचा बल्ब घरी बदला. पण आधी प्लग काढा, बल्ब गार होऊ द्या आणि तेवढ्याच ताकदीचा नवा आणा. ज्याचा अख्खा पत्रा काढावा लागतो त्याला घरी स्क्रूड्रायव्हर लावू नका. "पण हे तर साधं काम आहे," असं कुणी म्हणालं की त्यांच्या कपाळावरची शीर उठे. आणि कुणी चुकून, कौतुकाने का होईना, "बल्ब बदलायचा म्हणजे तुमच्या डाव्या हाताचा मळ!" असं म्हटलं, तर संपलंच. मी स्वतः पाहिलंय, चांगल्या ओळखीच्या माणसाचा ओव्हन त्यांनी न उघडता परत दिला होता. "डाव्या हाताचं काम असेल तर दुसरीकडे न्या. माझ्याकडे डावा हात नाही."

मी स्वतः गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मी तो दाबते. सासऱ्यांना माझ्या कामाचं भारी अप्रूप. म्हणत, "तुझा पाय आणि माझा हात, दोन्ही सारखेच. लोकांना वाटतं काही करत नाहीत." वाद आमचे रोज होत, अगदी चहात साखर किती यावरून, पण या माणसाइतकं मला सासरी कुणी ओळखलं नाही.

मग ते विसरायला लागले. आधी दुकानाची किल्ली, मग दुकानाची गल्ली. दुकान आम्ही बंद केलं, आणि त्या शब्दावर त्यांनी मला टोकलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालंय. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. बाबांचे हात तर नाहीच." त्याचा बापावर इतका विश्वास की त्यांची हत्यारांची पेटी त्याने मोठ्या प्रेमाने घरीच आणून ठेवली, पलंगाखाली. ती पेटी काढ, असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं की नको, यावर मी आजही स्वतःशी भांडते. त्या पेटीवरूनच माझी झोप उडाली होती.

त्या सकाळी दूध गरम करायला ठेवलं तर ओव्हनच्या आत अंधार. ताटली फिरतेय, घरघर चालू आहे आणि आतलं काही दिसत नाही. मी घाईत होते. नवरा आधीच कामाला गेलेला. मी पायात चपला सरकवत म्हटलं, "बाबा, ओव्हनची लाईट गेलीय. त्याला हात लावू नका हं, संध्याकाळी बघू."

ते खिडकीशी पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून हसले. "जा तू. त्यात काय बघायचंय? माझ्या डाव्या हाताचा मळ आहे."

मी "बरं" म्हटलं आणि निघाले. खरंच म्हटलं. ऐकलं ते कानाने; डोक्यात ते गेलंच नव्हतं.

शिकायला त्या वेळी एक बँकेतल्या कॅशियर बाई येत. स्वभावाने गरीब, गाडी चालवताना त्याहून गरीब. चौक जवळ आला की श्वास रोखून धरत. त्या दिवशी उड्डाणपुलावर चढताना, गिअर नीट पडला म्हणून, त्या खूश होऊन म्हणाल्या, "जमलं की! आता काय, डाव्या हाताचा मळ!"

सकाळचं वाक्य तेव्हा आत पोचलं. तो माणूस ते वाक्य बोलला होता. ज्याने त्या एका वाक्यासाठी गिऱ्हाइकं घालवली, तो ते हसत हसत बोलला होता, आणि मी त्याला बरं म्हणून घरात एकटा सोडून आले होते.

"बाई, जरा जोरात घ्या," मी म्हटलं.

"अहो, पुलावर?"

"पुलावरच. जोरात."

त्यांनी घाबरून गाडी आणखी हळू केली. मागून हॉर्न सुरू झाले. पूल एकेरी, थांबायला जागा नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे. त्या दिवशी कळलं, माझ्याकडे फक्त ब्रेकच आहे. वेग वाढवायचं माझ्या पायाखाली काहीच नव्हतं.

मी घरी फोन लावला. एक रिंग गेली आणि माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं, बाबा ओव्हनमध्ये वाकलेत आणि टेबलावर फोन खणखणतोय, ते दचकतायत. मी फोन कापला. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. नवऱ्याला लावला, तो उचलेना. पूल उतरल्यावर मी कॅशियर बाईंना रस्त्याच्या कडेला उतरवलं. त्या बिचाऱ्या विचारत होत्या, "माझं काही चुकलं का?" उत्तर द्यायला मी थांबले नाही.

जिन्याच्या पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. दाराबाहेर मात्र थांबले. नवशिक्या माणूस भर चौकात चुकीचं वळण घेत असेल तर ओरडायचं नसतं. ओरडलं की तो दचकतो, आणि दचकलेल्या माणसाचे हात नको तिथे जातात. पोटासाठी करते त्या कामाने मला एवढं एक शिकवलं होतं. मी किल्ली आवाज न करता फिरवली आणि दाराशीच असलेलं मेन स्विच खाली ओढलं. पंखा फिरता फिरता मंदावला. फ्रिजची घरघर थांबली. घर एकदम गप्प झालं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "लाईट गेली का?"

"हो बाबा, लाईट गेली."

ते ओट्याशी उभे होते. ओव्हनचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला, स्क्रू नीट एका वाटीत. तेवढं अजून हातात होतं. उजव्या हातात साधा, आखूड स्क्रूड्रायव्हर. लांब, रबरी मुठीचा पेटीत तसाच पडलेला. आणि डावा हात ओव्हनच्या आत, बल्बमागच्या पत्र्याला धरून. मी तो हात कामाच्या जागी कधी पाहिलाच नव्हता. उजव्यापेक्षा गोरा होता. आता उजवाही आत चालला होता, आणि वाटेत ती डबी बसलेली होती.

"बाबा," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आत्याबाई शांत झाल्या का?"

"कुठल्या आत्याबाई?" ते मान न वळवता म्हणाले. "हा बंद आहे ना. मघाशी चालवून बघितला, लाईट लागत नाही."

म्हणजे प्लग त्यांनी काढला असेल किंवा नसेल, पण थोड्याच वेळापूर्वी ओव्हन चालवला होता. डबी भरलेली होती. मेन स्विच माझ्या हातचं होतं, ते मी ओढलं. या डबीला माझ्याकडे ब्रेक नव्हता. धावत जाऊन त्यांना मागे खेचावं, तर धक्क्याने हात कुठे जाईल सांगता येत नाही. मी जागची हलले नाही.

"डावा हात कुठे आहे, बाबा?"

"खिशात," ते म्हणाले.

त्यांना तसं खरंच वाटत होतं. हात डोळ्यांसमोर, पत्र्याला धरलेला, ते त्याच्याकडेच बघत होते, आणि म्हणत होते खिशात. हात विसरत नाहीत म्हणे!

मग मला बूच आठवलं. "बाबा, ते तुमचं बूच द्या ना जरा. बाटलीला लावायचंय, पाणी सांडतंय."

"अगं, ते बाटलीला लावायचं नसतं," ते वैतागून म्हणाले, आणि डावा हात बाहेर आला. सावकाश आला, कशालाही न लागता, आणि सवयीने खिशात गेला. आत बोटं फिरायला लागली. कापडावरून मला ती फिरताना दिसत होती.

मला त्यांना लगेच ओट्यापासून बाजूला घ्यायचं होतं, पण त्याआधीच काहीतरी झालं. खिशात बूच फिरायला लागल्यावर उजव्या हाताने आखूड स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात गेला, रबरी मुठीचा लांब उचलला आणि थेट डबीवर टेकवला.

फाट्! निळी ठिणगी उडाली, आणि जळल्याचा वास पसरला. मी किंचाळले. आता किंचाळायला हरकत नव्हती.

"आत्याबाई शांत झाल्या," ते म्हणाले. आवाज त्यांचा जुना होता.

मग ते माझ्याकडे वळले. आधी माझा चेहरा बघितला, मग भिंतीला टेकवलेला पत्रा, मग खाली ठेवलेला आखूड स्क्रूड्रायव्हर. या माणसाने आयुष्यभर बिघाड शोधले होते. हाही शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

"हात खिशाबाहेर होता?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण इस्त्रीच्या वेळी जमलं नव्हतं, आता काय जमणार. "होता," मी म्हटलं. "दोन्ही आत चालले होते."

ते ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले. मीही बसले, चपला घातलेल्याच.

"तुला भीती वाटली?"

"वाटली म्हणजे काय! जीव गेला माझा."

"मला नाही वाटली," ते म्हणाले. "अजिबात नाही. बघ ना. पेटीतली सगळी हत्यारं आहेत, तेवढं एकच हरवलं."

मी त्यांचा उजवा हात धरून रडले. डावा त्यांनी दिला नाही, तो खिशातच होता. मग ते उठले, आणि मी शेजारी उभी असताना एका हाताने पेटीतला नवा बल्ब बसवला, पत्रा चढवला आणि स्क्रू मोजून आवळले. एकही कमी पडला नाही. मी मेन स्विच वर केलं. ओव्हनमध्ये पिवळा उजेड पडला. नवरा संध्याकाळी आला, तो उजेड बघून म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? हात विसरत नाहीत." मी त्याला सगळं सांगितलं. जेवणाचं ताट तसंच पुढ्यात ठेवून तो कितीतरी वेळ बापाच्या खिशाकडे बघत राहिला.

ओव्हन आम्ही दुसऱ्याच दिवशी देऊन टाकला. पेटी माझ्या गाडीच्या डिकीत असते. शेजारच्या काकू दुपारी येऊन बसतात. बाबांना यातलं काही आठवत नाही. ओव्हनची रिकामी जागा बघून ते मला विचारतात, "इथलं काय गेलं?" मग स्वतःच विसरतात.

परवा मिक्सर उचलला तर खालचा एक स्क्रू अर्धा बाहेर आलेला होता. चमच्यांच्या डब्यात एका चमच्याचं टोक वाकलेलं सापडलं. काकू म्हणाल्या, "मी इथंच होते हो. डोळा लागला असेल जरासा."

आता रोज घरी आले की मी दारातूनच हाक मारते, "बाबा, डावा हात कुठे?"

आतून लगेच उत्तर येतं, मोठ्याने, अगदी खात्रीचं. "खिशात!"

मी आधी मेन स्विच खाली ओढते आणि मग चपला न काढता आत जाते.